वस्ती आणि विद्यापीठ: भागीदारी कशी उभारावी आणि कशी जोखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यापीठाला भोवतालच्या वस्त्यांबरोबर तीन वर्षांची भागीदारी सुरू करायची आहे. निधी मंजूर झालेला आहे, आणि प्रश्नकर्त्या प्राध्यापकांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: सुरुवात कुठून करावी, तीन वर्षांनी भागीदारी यशस्वी झाली की नाही हे कशावरून ठरवावे, आणि त्या मूल्यांकनासाठी निधीतला किती भाग बाजूला ठेवावा. विस्तारकार्य विभागात, म्हणजे विद्यापीठाचे काम भोवतालच्या समाजापर्यंत नेणाऱ्या विभागात, मी २२ वर्षे काम केले असून त्यांतील जवळजवळ निम्मा काळ स्वतःच्या व इतरांच्या भागीदाऱ्यांचे मूल्यांकन करण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, यांतील पहिले दोन प्रश्न मुळात वेगळे नाहीतच. भागीदारी कशावरून जोखायची हे निधीचा पहिला हप्ता खर्च होण्याआधी, वस्तीतील लोकांसमवेत बसून आणि त्यांच्या शब्दांत लिहिले गेले, तर उभारणीतल्या बऱ्याच चुका तिथेच टळतात. तेच तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, अहवालाची मुदत जवळ आल्यावर लिहिले गेले, तर कितीही काटेकोर पद्धत वापरली तरी हाती येतो तो विद्यापीठाने विद्यापीठालाच दिलेला दाखला.

वस्तीतल्या पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी आपल्याच दप्तरात काय आहे ते पाहा. कोणत्या विभागाने, कधी, कुणाकडून, कसली माहिती गोळा केली, तिचे पुढे काय झाले, आणि ती माहिती आज कुणाच्या कपाटात किंवा संगणकात पडून आहे, याची नोंद बहुतेक विद्यापीठांत एका जागी नसते. ही बाब आम्हाला फार संकोच वाटावा अशा रीतीने कळली. एका वस्तीतील पहिल्याच बैठकीत आम्ही आरोग्य सर्वेक्षणाची कल्पना मोठ्या उत्साहाने मांडत होतो. मागे बसलेल्या एक ज्येष्ठ बाई उठल्या, घरी जाऊन एक पिशवी घेऊन आल्या आणि तिच्यातून संमतीपत्रांच्या प्रती एकेक करून टेबलावर मांडल्या. सहा वर्षांत चार सर्वेक्षणे झाली होती. त्यांतील तीन आमच्याच विद्यापीठातील तीन विभागांची होती आणि त्या विभागांना एकमेकांच्या कामाची गंधवार्ता नव्हती. "यातल्या एकाचा तरी निकाल सांगायला कुणी परत आलं का, एवढंच सांगा," असे त्या म्हणाल्या. आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढचे चार महिने आम्ही नवे काहीही सुरू केले नाही. जुने अहवाल शोधले, दोनच सापडले, त्या दोहोंचा सारांश साध्या भाषेत प्रत्येकी दोन पानांत लिहून घरोघर दिला, आणि उरलेल्या दोहोंबद्दल सापडले नाहीत असे स्पष्ट सांगितले. त्या भागीदारीचे पहिले काम हेच होते, आणि ते केले नसते तर दुसरे कामही झाले नसते असे मला आजही वाटते.

हा अविश्वास केवळ एका वस्तीपुरता नसतो, त्याला मोठा इतिहास आहे आणि तो माहीत असल्याशिवाय वस्तीत पाऊल टाकू नये. अमेरिकेत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगी येथे सार्वजनिक आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना नुसते निरीक्षणाखाली ठेवले, आणि पेनिसिलिन हा परिणामकारक उपाय उपलब्ध झाल्यावरही त्यांना तो दिला नाही. तिथली स्थानिक शिक्षणसंस्था त्या अभ्यासात सहभागी होती. त्यानंतर सर्वत्र आचारनीती समित्या आल्या, नियम आले, तरीही १९९० च्या दशकात ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या हवासुपाय या आदिवासी जमातीच्या लोकांचे रक्तनमुने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले आणि पुढे ते स्किझोफ्रेनिया, अंतर्विवाह व जमातीचे मूळ स्थलांतर अशा विषयांसाठी वापरले गेले. २०१० मध्ये झालेल्या तडजोडीत विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. मला या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की संमतीपत्रे होती, सह्या होत्या, कागद पूर्ण होते. संमती कागदावर होती, परंतु पुढच्या निर्णयांत जमातीला जागा नव्हती.

जागेचाही इतिहास असाच आहे. विस्तारकार्याची परंपरा सांगताना आपण उच्चशिक्षणासाठी जमीन देणारा अमेरिकेचा १८६२ चा मॉरिल कायदा आणि कृषिविस्तार सेवेची घडी बसवणारा १९१४ चा स्मिथ-लीव्हर कायदा यांचे दाखले कौतुकाने देतो, आणि ते कौतुक अस्थानी नाही. परंतु मॉरिल कायद्याने विद्यापीठांना दिलेली सुमारे एक कोटी सात लाख एकर जमीन जवळपास अडीचशे आदिवासी जमातींकडून घेतलेली होती. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगतच्या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधायला घेतली. तिचा लहानसा भाग रहिवाशांसाठी आणि त्यांचे प्रवेशद्वार खालच्या अंगाला वेगळे, अशी ती योजना होती. तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि ती सोडून द्यावी लागली. चार दशकांनी त्याच विद्यापीठाने जवळच नवे संकुल उभारताना २००९ मध्ये रहिवाशांच्या प्रतिनिधींशी पंधरा कोटी डॉलरचा लेखी लाभ-करार केला. त्या करारावर व विस्तारावर टीकाही झाली, तरी दोन्ही घटनांत एक फरक उघड दिसतो: दुसऱ्या वेळी विद्यापीठाने काय द्यायचे आहे हे कागदावर होते, आणि ते मागण्याचा आधार रहिवाशांच्या हाती होता.

आता उभारणीविषयी. 'वस्ती' किंवा 'समाज' हे शब्द एकवचनी असले तरी त्यांच्यामागे एकच माणूस उभा नसतो. विद्यापीठाला साहजिकच तो प्रतिनिधी सोयीचा वाटतो ज्याला बैठकीची भाषा येते, ज्याच्याकडे नोंदणीकृत संस्था आहे आणि जो ईमेलला उत्तर देतो. त्याच्याबरोबर काम करू नये असे मी म्हणणार नाही, पण त्याच्यापाशी थांबू नये. पहिल्या दोन महिन्यांत किमान तीस माणसांशी, त्यांच्या सोयीच्या वेळी व त्यांच्या जागी, एकेकट्याने बोलावे आणि प्रत्येकाला शेवटी विचारावे की, "या विषयावर तुमच्याशी ज्यांचे पटत नाही असे कोण आहे?" मग त्या माणसाकडे जावे. भाडेकरू आणि घरमालक, जुने रहिवासी आणि नव्याने आलेले, तरुण आणि वृद्ध यांचे हितसंबंध वेगळे असतात, आणि ते वेगळे आहेत हे सुरुवातीलाच मान्य केलेली भागीदारी पुढे ताण आल्यावर मोडत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या उगमाची. लॅटिन अमेरिकेत १९१८ च्या कोर्दोबा येथील विद्यापीठ-सुधारणा चळवळीपासून विस्तारकार्य हे अध्यापन व संशोधन यांच्या जोडीचे काम मानले गेले. आणि त्याच खंडात पुढे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाऊलो फ्रेइरे यांनी चिलीतील कृषिविस्तार जवळून पाहून 'विस्तार' या शब्दावरच आक्षेप घेतला. ज्याला कळते त्याने ज्याला कळत नाही त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचवायचे, हे त्या शब्दात गृहीत धरलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपाला व्यवहारातले सर्वांत चांगले उत्तर मला नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेल्या 'विज्ञान दुकानां'त दिसते. तिथे नागरिकांचे गट आपला प्रश्न घेऊन येतात, कर्मचारी तो संशोधनयोग्य रूपात मांडायला मदत करतात, आणि विद्यार्थी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली तो अभ्यासतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात असे दुकान १९८८ पासून चालू आहे. तुमच्याकडे असा स्वतंत्र विभाग नसला तरी पद्धत उचलता येते. पहिल्या वर्षीचे निदान अर्धे विषय वस्तीने दिलेले असावेत, आणि प्रत्येक विषयापुढे तो कुणी, कधी मांडला याची नोंद असावी. ही साधी नोंद पुढे मूल्यांकनात फार उपयोगी पडते.

सामंजस्य करारांचे मी अनेक नमुने पाहिले आहेत. त्यांतील बहुतेकांत उद्देशांना दोन पाने आणि मतभेद झाल्यास काय करायचे याला एक ओळ असते. हे प्रमाण उलटे करावे. माहिती कुणाच्या मालकीची, ती दुसऱ्या कामासाठी वापरण्यापूर्वी कुणाची परवानगी लागेल, लेख प्रसिद्ध होण्याआधी तो वस्तीतील समितीला किती दिवस आधी दाखवायचा, तिचा आक्षेप असल्यास तो लेखात कसा नोंदवायचा, आणि भागीदारी मध्येच सोडण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना कोणत्या रीतीने वापरता येईल, हे स्पष्ट लिहावे. यासाठी नव्याने डोके खपवण्याची गरज नाही. कॅनडातील 'प्रथम राष्ट्रे' म्हणवणाऱ्या मूळनिवासी समाजांनी १९९८ मध्ये स्वतःविषयीच्या माहितीवरील मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा अशी चार तत्त्वे मांडली. दक्षिण आफ्रिकेतील सान या मूळनिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि कार्यपद्धती या पाच मुद्द्यांची आचारसंहिता स्वतः तयार केली. हे दोन्ही दस्तऐवज ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांनी लिहिले आहेत, म्हणून मी ते प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आधी वाचायला देतो.

खरे घोडे अडते ते पैशापाशी. यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण भागीदारीवरच्या चर्चेत हा विषय बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. वस्तीतील लोक बैठकीला येतात, रस्ते दाखवतात, मुलाखती जुळवून देतात, भाषांतर करतात, संशोधकाला दाराशी उभे राहू देण्याइतपत स्वतःचे वजन खर्च करतात. आणि हे सगळे 'सहभाग' या नावाखाली विनामूल्य गृहीत धरले जाते, तर त्याच बैठकीतील प्राध्यापक, संशोधन सहायक आणि टिपणे घेणारा लिपिक पगारी असतात. आमच्या एका प्रकल्पात वस्तीतील सहा महिलांनी सहसंशोधक म्हणून तीन महिने मुलाखती घेतल्या. मानधन मंजूर होते. देयक वित्त विभागात गेले आणि परत आले, कारण नमुन्यात 'पुरवठादार' आणि 'कर्मचारी' असे दोनच रकाने होते आणि या महिला दोन्हींत बसत नव्हत्या. देयक तीन वेळा परत आले. पाचव्या महिन्यात पैसे मिळाले तोवर दोघी काम सोडून गेल्या होत्या, आणि त्यांना दोष देण्यासारखे काही नव्हते. त्यानंतर आम्ही कुलसचिव व वित्त अधिकारी यांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घेऊ लागलो. 'समाजभागीदार' असा तिसरा रकाना त्या नमुन्यात आला, एका पानाच्या पावतीवर १५ दिवसांत मानधन देण्याचा नियम झाला, आणि माझ्या मते आमच्या विभागाने केलेल्या कामांत या रकान्याचे स्थान फार वरचे आहे.

पैशाची दुसरी बाजू म्हणजे विद्यापीठाचा रोजचा खर्च. विद्यापीठ हा परिसरातला मोठा मालक, मोठा ग्राहक आणि मोठा नोकरदाता असतो. त्याची खरेदी, बांधकाम, स्वच्छता आणि भरती यांचा वस्तीवर होणारा परिणाम कोणत्याही शिबिरापेक्षा मोठा असतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात २००८ मध्ये केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ व दोन मोठी रुग्णालये यांच्या खरेदीचा आधार घेऊन एव्हरग्रीन सहकारी उद्योग उभारले गेले. त्यांतला पहिला उद्योग होता कामगारांच्या मालकीची धुलाईशाळा. प्रत्येक विद्यापीठाला असे जमेल असे नाही. परंतु आपल्या वार्षिक खरेदीतला किती भाग भोवतालच्या परिसरातून होतो हे काढायला लेखा विभागाला एक आठवडा पुरतो, आणि तो आकडा भागीदारीच्या पहिल्याच अहवालात असायला हवा.

विद्यापीठाच्या आतल्या बाजूबद्दल थोडक्यात सांगतो. तरुण प्राध्यापकाची पदोन्नती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरत असेल आणि वस्तीत घालवलेल्या तीन वर्षांना त्यात जागा नसेल, तर तो प्राध्यापक दुसऱ्या वर्षी भागीदारीतून बाहेर पडेल, आणि तसे करण्यात त्याचे काही चुकणार नाही. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेचे शोध, एकीकरण, उपयोजन आणि अध्यापन असे चार प्रकार मांडले ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. पदोन्नतीच्या नियमांत 'उपयोजन' कसे मोजायचे हे लिहून घेतल्याशिवाय मात्र त्या मांडणीचा प्रत्यक्षात उपयोग होत नाही. तोवर निदान एक काम करा: वस्तीशी संपर्क ठेवणारी व्यक्ती कंत्राटी नको, कायम पदावरची असू द्या. माझ्या पाहण्यात जितक्या भागीदाऱ्या विस्कटल्या त्यांतल्या बहुतेक भांडणाने विस्कटल्या नाहीत. ओळखीचा माणूस बदलून गेला आणि नव्याने आलेल्याने पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारायला सुरुवात केली, एवढेच कारण पुरले.

आता मूल्यांकन. सर्वांत जास्त वापरले जाणारे माप म्हणजे तास आणि माणसे. भारतात १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. मेक्सिकोत पदवीसाठी किमान ४८० तासांची समाजसेवा सक्तीची आहे. तासांची नोंद ठेवणे आवश्यकच असते, कारण त्याशिवाय काम झाले की नाही हेच कळत नाही. परंतु तास हा विद्यार्थ्याने दिलेल्या वेळेचा हिशेब आहे. वस्तीच्या पदरात काय पडले, हे त्यातून कळत नाही. कधी कधी तर तो वस्तीवर पडलेल्या भाराचा हिशेब असतो. दर सहा महिन्यांनी नव्या तुकडीला सगळे पहिल्यापासून समजावून सांगण्यात संस्थेच्या एका कार्यकर्तीचे आठवड्याचे किती तास जातात, ही संख्या आमच्या अहवालांत अनेक वर्षे नव्हती. ती आम्ही विचारायला लागल्यावर दोन संस्थांनी सांगितले की त्यांना दहा आठवड्यांचे पंधरा विद्यार्थी नकोत, वर्षभरासाठी दोन विद्यार्थी हवेत. या एका उत्तराने आम्हाला श्रेयांकांची रचना बदलावी लागली.

म्हणून मी भागीदारीचे मूल्यांकन दोन स्वतंत्र भागांत करतो. एक भाग नात्याचा आणि दुसरा परिणामांचा. तीन वर्षांच्या भागीदारीत पहिला भाग जास्त महत्त्वाचा धरावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आरोग्य, शिक्षण किंवा उत्पन्न यांतील बदल तीन वर्षांत विश्वासाने दाखवता येण्याइतका क्वचितच होतो, परंतु नाते सरळ आहे की नाही हे पहिल्या वर्षातच दिसते.

नाते जोखताना सर्वांत उपयोगी पडते ती निर्णयांची नोंदवही. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांची दिशाभूल करणारा सहभाग, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, सल्ला घेणे आणि समजूत काढणे, आणि वरती भागीदारी, अधिकारांचे हस्तांतर व नागरिकांचे नियंत्रण अशी ती रचना आहे. ही शिडी भिंतीवर लावायला सोपी आणि प्रत्यक्षात वापरायला अवघड असते, कारण प्रत्येक जण स्वतःला सहाव्या पायरीवर समजतो. आम्ही ती अशी वापरतो: प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात घेतलेला निर्णय, तो कुणी मांडला, त्याला विरोध कुणी केला, आणि चर्चेनंतर त्यात काय बदलले असे चार रकाने ठेवतो. वर्षअखेरीस वस्ती व विद्यापीठ यांची संयुक्त समिती सगळी इतिवृत्ते एकत्र वाचून प्रत्येक निर्णयाची पायरी ठरवते. एका वर्षाच्या नोंदींत आम्हाला असे आढळले की कार्यक्रमांच्या तारखा आणि जागा यांबाबतचे जवळजवळ सगळे निर्णय वस्तीच्या सूचनेने झाले होते, पण अंदाजपत्रकातील एकही निर्णय तसा नव्हता. सगळ्यांशी गोड बोलून केलेल्या कोणत्याही सर्वेक्षणात हे दिसले नसते.

याच्या जोडीला काही बाबी नियमाने पाहाव्यात. वस्तीने विचारलेल्या प्रश्नाला विद्यापीठाकडून उत्तर मिळायला सरासरी किती दिवस लागले. निधीचा किती भाग प्रत्यक्ष वस्तीतील माणसांच्या व संस्थांच्या हाती गेला. गोळा केलेल्या माहितीचे निष्कर्ष किती अवधीत आणि कोणत्या भाषेत परत पोहोचले. लेखांत व सादरीकरणांत वस्तीतील सहसंशोधकांची नावे होती का. यांतील एकही बाब मोजायला खर्चिक साधन लागत नाही.

कोण विचारते यावर उत्तर अवलंबून असते, ही गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा विसरली जाते. ज्या संस्थेचे पुढच्या वर्षीचे विद्यार्थी, सभागृह किंवा निधी तुमच्या हातात आहे, ती तुमच्याच प्रश्नावलीत तुमच्याविषयी वाईट लिहिणार नाही. समाधानाच्या प्रश्नाला पाचपैकी पाच गुण येतात आणि ते पाहून आपण समाधान मानतो. मुलाखती दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्याव्यात, त्या व्यक्तीची निवड संयुक्त समितीने करावी, आणि प्रश्न भावनेऐवजी घटनांबद्दल असावेत. "तुम्ही समाधानी आहात का?" या प्रश्नापेक्षा "गेल्या सहा महिन्यांत तुम्ही नाही म्हटलेली एखादी गोष्ट सांगा, आणि त्यानंतर काय झाले तेही सांगा" या प्रश्नातून कितीतरी अधिक कळते. ज्या भागीदारीत कुणालाही असा प्रसंग आठवत नाही, तिथे माझ्या मनात पहिली शंका येते.

परिणामांच्या भागात श्रेय आणि हातभार यांत फरक करा. शाळेतील उपस्थिती वाढली, तर तिच्यामागे नवे शिक्षक असतील, रस्ता झाला असेल, कुटुंबांचे उत्पन्न वाढले असेल आणि तुमचे अभ्यासवर्गही असतील. एकट्या भागीदारीमुळे ती वाढली असे सिद्ध करण्यासाठी तुलनेचा गट, म्हणजे जिथे हे काम झालेले नाही असा तसाच गट लागतो, आणि बहुतेक वेळा तो मिळत नाही किंवा तसा ठेवणे योग्य नसते. त्याऐवजी सुरुवातीलाच लिहून ठेवावे की आमच्या कामामुळे आधी काय बदलेल, मग काय, आणि हा बदल आमच्याशिवायही घडण्याची दुसरी कारणे कोणती. मग दरवर्षी त्या साखळीतली कोणती कडी दिसते आणि कोणती दिसत नाही हे तपासावे. यात आकड्यांबरोबर कथनांनाही जागा आहे. रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशातील विकासकार्यात बसवलेली 'सर्वांत लक्षणीय बदल' ही पद्धत मला विशेष उपयोगी वाटते. लोक आपल्याला महत्त्वाचा वाटलेला एक बदल सांगतात, आणि मग वेगवेगळ्या पातळ्यांवरचे गट त्या कथनांतून एक निवडून ते का निवडले हे लिहितात. आमच्याकडे वस्तीच्या गटाने आणि विद्यापीठाच्या गटाने एकाच सतरा कथनांतून निवड केली तेव्हा विद्यापीठाने एका मुलीला मिळालेल्या प्रवेशाचे कथन निवडले. वस्तीने निवडलेल्या कथनात एक बाई विद्यापीठाच्या फाटकातून ओळखपत्राविना ग्रंथालयात जाऊ लागल्याचा प्रसंग होता. त्या निवडीवरची अर्ध्या तासाची चर्चा हे आमच्या त्या वर्षीच्या मूल्यांकनातले सर्वांत मोलाचे पान आहे.

बाहेरच्या चौकटींबद्दल विचारले जाते, म्हणून त्याविषयी. अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वर्गीकरणात २००६ पासून समाजसहभागाचे ऐच्छिक वर्गीकरण आहे. त्यात दोन्ही बाजूंना लाभ देणारी देवाणघेवाण आणि परस्परता यांवर भर असून संस्थेने स्वतःच पुराव्यांसह अर्ज भरायचा असतो. अँड्र्यू फुर्को यांची सेवाधिष्ठित अध्ययनासाठीची, म्हणजे समाजसेवेतून अभ्यासक्रम शिकण्याच्या पद्धतीसाठीची, स्वयंमूल्यांकन-सारणी पाच अंगे आणि तीन टप्पे यांत संस्थेची तयारी दाखवते, आणि विद्यापीठांतर्गत चर्चेला ती चांगली सुरुवात करून देते. ब्रिटनमध्ये संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यमापनात समाजावरील प्रभावाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार होता. त्यामुळे कुलगुरूंच्या कार्यालयात या विषयाला वजन आले, ही चांगली गोष्ट. मात्र प्रभाव सिद्ध करण्यासाठी भागीदारांकडून पत्रे मागण्याची घाईही त्याच्याबरोबर येते. अशा चौकटी विद्यापीठाच्या आत दबाव आणण्यासाठी जरूर वापरा. वस्तीशी ठरवायचे निकष मात्र त्यांच्यातून उतरवून घेऊ नका.

निधीबद्दल: मूल्यांकनासाठी एकूण निधीच्या ५ ते १० टक्के हे प्रमाण व्यवहारात रूढ आहे, आणि तीन वर्षांच्या कामाला मी दहाच्या जवळ राहीन. या रकमेचा निम्मा भाग वस्तीतील सहमूल्यांककांचे मानधन, भाषांतर आणि निष्कर्ष परत पोहोचवणे यांवर जावा. वाईट निष्कर्ष आले तर ते तसेच छापण्याची अट करारात आधीच असावी. नाहीतर त्या पानाला कात्री लावण्याचा मोह अनावर होतो, आणि वस्तीत ते पान गेल्याची बातमी अहवालाआधी पोहोचते.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या सहा महिन्यांत नवे काहीही सुरू करू नका. तो काळ हिशेब पुरा करण्याचा आहे: माहितीची प्रत आणि तिची साध्या भाषेतील सूची वस्तीच्या समितीकडे द्यायची, उपकरणे कुणाकडे राहतील आणि त्यांची दुरुस्ती कोण करील हे लेखी ठरवायचे, सहसंशोधकांना पुढे कामाला येतील अशी अनुभवपत्रे द्यायची, आणि जे कबूल केले पण झाले नाही त्याची यादी कारणांसह सर्वांसमोर वाचायची. त्यानंतर पूर्ण एका वर्षाने त्याच मुलाखतकाराने पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारावेत, कारण विद्यापीठ निघून गेल्यावर काय चालू राहिले हे त्याआधी कळू शकत नाही. या भेटीच्या खर्चाची तरतूद आजच्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवा आणि वित्त अधिकाऱ्यांकडून ती लेखी मान्य करून घ्या. प्रकल्पाचे खाते बंद झाल्यावर त्या नावाने खर्च टाकता येत नाही, आणि आमची अशी पहिली भेट याच एका कारणामुळे राहून गेली होती.